लेफ्टनंट विटकॉमचा पांढरा रंग

लेफ्टनंट रूबेन विटकॉमचा दिवस पहाटे चारला उजाडायचा. सूर्य मागाहून यायचा. पोर्ट्समथच्या बंदरात उभ्या असलेल्या 'मेलिसंट' या युद्धनौकेवर तोवर खलाशी गुडघ्यांवर बसलेले असत आणि विटेएवढ्या दगडांनी डेक घासत. आधी वाळू, मग पाणी, मग दगड. दगड लाकडाच्या रेषेतच चालला पाहिजे, आडवा गेला की काम वाया. विटकॉम कंदील घेऊन मागून फिरे. कोणी नुसताच हात हलवताना दिसला की म्हणे, "काय रे, दगडाला फिरायला आणलंयस का? जोर लाव."

विटकॉम बंदरापलीकडच्या गॉस्पोर्टमधल्या पाववाल्याचा मुलगा. पहाटे उठण्याचं त्याला काही वाटत नसे. त्याला घोर होता बढतीचा. राणीसाहेबांच्या त्या राज्यात लढाया व्हायच्या त्या लांब कुठेतरी, जमिनीवर. समुद्रावर इंग्रजांशी भांडायला कोणी उरलंच नव्हतं. मग कोणत्या लेफ्टनंटला कमांडर करायचं, हे ठरवणार कसं? एक तर त्याचा मामा कोण ते बघायचं, नाही तर त्याचं जहाज किती चकाकतं ते. विटकॉमचा मामा कोळसा विकायचा. राहिलं जहाज.

चकाकायला रंग लागतो. सरकारातून येणारा रंग जहाजाच्या एका गालाला पुरे. उरलेला फर्स्ट लेफ्टनंटने, म्हणजे इथे विटकॉमनेच, आपल्या पगारातून आणायचा, असा रिवाज होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून मोडताही येत नव्हता.

विटकॉम रंग घ्यायचा गॉस्पोर्टला, पार्गेटरच्या दुकानात. दोरखंड, डांबर, रंग, ब्रश, जहाजाला लागेल ते सगळं तिथे मिळे. गल्ल्यावर पार्गेटरची मुलगी थर्झा बसायची. विटकॉमशी तिचं लग्न ठरलेलं होतं. ठरलेलं होतं, इतकंच. ठरलं तेव्हा तिच्या आईने शिवायला घेतलेला पलंगपोस पुरा होऊन, वापरून, विरलासुद्धा. पार्गेटरची अट एकच होती: जावई कमांडर हवा.

"घाई कसली, लेफ्टनंटसाहेब?" तो म्हणे. "आधी जहाज नटवा, मग नवरी. पांढरा किती देऊ?"

थर्झा पैसे घेता घेता म्हणे, "रूबेन, एक विचारू? तुझं लग्न माझ्याशीच ठरलंय ना? नाही, त्या मेलिसंटबाईला तू दर महिन्याला नवा झगा घेतोस."

"हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय."

"मला पांढरा शोभत नाही, हे मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

आता रंगाचं एक असतं. नवा लावायच्या आधी जुना खरवडून काढावा लागतो. खरं काम ते. ब्रश कोणीही फिरवील. खरवडणाऱ्याचे खांदे भरून येतात, आणि काम संपेस्तोवर जहाज लूत लागलेल्या कुत्र्यासारखं दिसतं. नेमका तेव्हाच अ‍ॅडमिरल आला तर? म्हणून विटकॉम खरवडू देत नसे. रंगावर रंग, त्यावर पुन्हा रंग. बोसन मगरिज, म्हणजे खलाशांचा मुकादम, मान हलवायचा.

"साहेब, ही बया दरसाल जाड होतेय. एक दिवस गोदीत मावायची नाही."

"दिसते कशी ते सांग."

"दिसते लग्नाच्या केकसारखी. पण केक कधीतरी कापावा लागतो, साहेब."

तोफांचं तर बोलायलाच नको. तोफ उडवली की धूर, धूर झाला की काजळी, आणि काजळी बसली की महिन्याचा पगार गेला. सरावासाठी आलेले गोळे गुपचूप पाण्यात सोडले जात. शेजारच्या जहाजावरही तेच. मगरिज म्हणायचा, "लढाई समुद्राच्या तळाशी झाली तर आपल्याला तोड नाही."

विटकॉमने चाळिशी ओलांडली त्या वसंतात अ‍ॅडमिरल स्टॅक्पोल तपासणीला आले. बढती एकाचीच व्हायची होती: 'मेलिसंट'च्या विटकॉमची, नाही तर शेजारच्या जहाजावरच्या फेन्विकची. ही हुकली तर विटकॉमसाठी पुढची नव्हती, आणि थर्झाही नव्हती.

अ‍ॅडमिरलनी पांढरा हातमोजा कठड्यावरून फिरवला. मोजा पांढराच. वाकून शिडीच्या खालून फिरवला. पांढराच. "वा!" ते म्हणाले. विटकॉमला चर्चमधल्या घंटा ऐकू येऊ लागल्या.

अ‍ॅडमिरलबरोबर त्यांची मेहुणी आली होती. तिने एका तोफेवर छत्रीचं टोक टेकवलं. "भावोजी, या उडतात का हो, की शोभेच्या?"

"शोभेच्या? विटकॉम, एक उडवून दाखवा यांना."

गोळा सापडला नाही. दारू सापडली, ती ठासली. तोफेच्या तोंडासमोरची झडप उघडायला चौघांनी दोर ओढला. झडप हलेना. आणखी चौघे आले. दोर तुटला आणि आठही जण एकमेकांच्या मांडीवर बसले. झडप कुठे संपते नि जहाज कुठे सुरू होतं, हे त्या रंगाखाली दिसतच नव्हतं.

मगरिज मोठा हातोडा घेऊन आला. "साहेब, मारू?"

मारला तर रंग जाणार. न मारला तर 'तोफ उडवता येत नाही तो विटकॉम' म्हणून जन्मभर नाव राहणार. अ‍ॅडमिरलनी खिशातलं घड्याळ काढलं.

"आण इकडे," विटकॉम म्हणाला. "माझा रंग आहे, मीच फोडतो."

पहिला घाव उसळून परत आला. दुसऱ्याने तडा गेला. मग त्याने पाय रोवले, कमरेतून फिरून घाव घातला, आणि रंगाची फरशीएवढी जाड लादी सुटून डेकवर वाजली. मेहुणीने तुकडा उचलून कडेने पाहिला. "अगं बाई, थर किती सुबक आहेत!"

झडप उघडली. तोफ उडाली. तिच्या पोटात वर्षानुवर्षं फक्त पॉलिशचं तेल गेलं होतं, ते सगळं एकदम बाहेर आलं, आणि वारा उलटा होता. धूर ओसरला तेव्हा 'मेलिसंट' नाकापासून शेपटापर्यंत काळी होती. मेहुणी टाळ्या वाजवत होती. मगरिजच्या तोंडावर फक्त दात दिसत होते.

अ‍ॅडमिरलनी आपले हातमोजे पाहिले. "आवाज चांगला होता," ते म्हणाले. "जहाज घाणेरडं आहे."

कमांडर फेन्विक झाला. त्याच्याही झडपा चिकटलेल्याच होत्या, पण तिथे पोचेस्तोवर चहाची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी विटकॉम दुकानात गेला. पार्गेटरने पिंपं दारातच मांडून ठेवली होती. "आता सगळंच नव्याने रंगवायचं ना? तुमच्यासाठी काढून ठेवलीत."

"नकोत. मी निवृत्ती मागितली."

"मग लग्न विसरा. मी कमांडर म्हटलं होतं."

थर्झाने गल्ला बंद केला. "बाबा, या वयाचा लेफ्टनंट निवृत्त झाला की त्याला कुठला हुद्दा देऊन घरी पाठवतात?"

पार्गेटरचा जन्म खलाशांच्या गावात गेला होता. त्याला ठाऊक होतं. तो दोरखंडाकडे पाहू लागला.

"कमांडर," विटकॉमच ओशाळून म्हणाला. "पण ती घरी बसण्याची कमांडरकी. तिची लाज वाटते, थर्झा. म्हणून आजवर मागितली नाही."

"लाज वाटते तर बाहेर मिरवू नकोस. घरात मिरव, मला चालेल."

"घरात?" पार्गेटरला जोर आला. "कुठल्या घरात? यांच्याजवळ छदाम नाही. पगार सगळा उडवला."

"उडवला कुठे, बाबा? तुमच्याच हातात आणून दिला. समुद्रासमोरचं ते दुमजली घर कशावर उभं केलंत? डांबरावर? गल्ल्यावर मी बसते."

पार्गेटरने तोंड उघडलं. मग त्याच्या बायकोने आतून हाक मारली, "अहो, नवा पलंगपोस मी उद्याच शिवायला घेते," आणि त्याने ते मिटलं.

लग्न झालं. संध्याकाळी सगळे नवरा-नवरीला पोचवायला समुद्रासमोरच्या त्या घरात गेले. विटकॉमने आधी तळघर पाहिलं, कोरडं होतं. जिन्यावर उड्या मारल्या, करकरला नाही. भिंतीच्या कोपऱ्यात हात फिरवला.

"काम पक्कं आहे," तो म्हणाला. "पगार वाया गेला नाही."

"वाया कसा जाईल?" पार्गेटर फुगून म्हणाला. "उन्हापावसात मी स्वतः उभा राहून बांधून घेतलंय."