धरमतरच्या चिखलातला बगळा

आज पेणच्या रस्त्यावर डांबर तापवत होते आणि त्या वासाने मला माझा लाकडी बगळा आठवला. गावभर लोक मातीचे गणपती घडवत असताना मी धरमतरच्या खाडीतून वाहून आलेलं लाकूड कोरायला उचलून आणायचो. एकदा होडीची डांबर फासलेली फळी मिळाली. तिच्या भोकावर तेलाच्या डब्याचा गंजका पत्रा ठोकलेला होता. तो मला इतका आवडला, की मी फळीतून बगळा कोरला आणि त्या पत्र्याचाच त्याला पंख केला. दारावर मासळी विकायला येणारी बाई तो बगळा बघून डोक्यावरची पाटी उतरवायचीच विसरली. "ह्यो पत्रा मी धरला व्हता, न् त्यांनी ठोकला," ती म्हणाली. तिचा नवरा दोन पावसाळ्यांपूर्वी होडीसकट बेपत्ता झाला होता. काहीच सापडलं नव्हतं, म्हणून ती अजून कुंकू लावत होती. कुठं गावला, एवढंच तिने विचारलं. मी जागा सांगितली. बराच वेळ ती पत्र्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "दादा, मानूस गावला नाय का पिठाचा पुतला करून जालतात. पिठाचा कशाला? ह्योच द्या." दुसऱ्या दिवशी खाडीकाठी, पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या माझ्या बगळ्याला तिच्या दिराने अग्नी दिला. डांबरामुळे तो भडाभडा पेटला. राखेत पत्रा तेवढा उरला, तो निवल्यावर तिने पदरात बांधला. आता खाडीत फळी दिसली की मी आधी ती उलटी करून बघतो, आणि ठिगळ असलं तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी काठावर उभी करून रिकाम्या हाताने परत येतो.