व्हरांड्यातली हजेरी

अन्याय झाला तो हिरूवर. मासळी सुकवणाऱ्या घरातली, माझ्याच वर्गातली हिरू. शाळा उघडल्यानंतरचा पहिला सोमवार, आठवीचा पहिलाच इंग्रजीचा तास. मास्तरांनी नाकाला रुमाल लावला. "तू बाहेर बस. वास येतो." ती दप्तर उचलून व्हरांड्यात, खिडकीखाली जाऊन बसली आणि वर्षभर तिथंच बसली. मी दुसऱ्या बाकावर होतो. गप्प राहिलो. हे आधीच लिहून टाकतो.

तीन आठवड्यांपूर्वी उधव्याला सभेत पत्रकं वाटत होतो, तेव्हा तिच्या भावाचा निरोप आला : हिरू तापानं गेली... समोर माणसं होती, पण मला दिसत होती वलांडी. बोंबील वाळवायचे ते बांबूचे उंच मांडव, वाऱ्यावर सगळे मिळून एका अंगाला झुकणारे बोंबील, आणि मागे ओहोटीनं पार दूर नेलेलं पाणी. दुपारी तिथं सगळंच चंदेरी व्हायचं, हिरूचे हातसुद्धा.

मी गंजाडचा, भातशेतीवाल्यांचा, शिकायला डहाणूत वसतिगृहावर राहिलेला. दिवाळीनंतर मासळीचे दिवस आले, की शाळा सुटल्यावर वलांडीच्या सावलीत पुस्तक घेऊन बसायचो. अक्षरं सगळी ओळखायचो, शब्द मात्र एक वाचता यायचा नाही. 'सी, एच, आय, एन' म्हणत तिथंच अडायचो. हिरू टांगता टांगता हसायची.

"अरे गंजाडकर, नावं काय पुकारतोस त्यांची? मास्तर झालास काय? आवाज काढ, आवाज!"

तिनं दोन बोंबील उचलले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि जोडी दांडीवर टाकली. एक इकडे लोंबला, एक तिकडे. "एकटा टाकलास तर पडतो बघ. सी न् एचचं तसंच. अडकले की दोघांचा मिळून एकच आवाज. च."

"आणि एस, एच?"

"श... लाट मागं जाताना करते ना, तो."

मी बोटानं वाळूत एच काढून दाखवला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. "हा एच? मला वाटलं कोण मोठा असेल! ही तर एका पायरीची शिडी!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पुस्तक तिच्याकडे नव्हतं आणि खिडकीखालून फळा दिसत नव्हता. तिच्याकडे खिडकीतून ऐकलेले नुसते आवाज होते, माझ्याकडे नुसत्या आकृत्या. तो हिवाळाभर मी वाळूत अक्षर काढायचो, ती त्याला आवाज द्यायची, आणि भरती येऊन आमचा फळा पुसून न्यायची... अजूनही नवा शब्द दिसला की मी आधी डोळे मिटतो. तिचा आवाज येतो, मग शब्द येतो.

परीक्षेच्या तोंडावर शाळेनं तिचं नाव कमी केलं. कारण, सततची गैरहजेरी! रोज नाव पुकारलं की खिडकीखालून "हजर" यायचं, अख्ख्या वर्गाला ऐकू जायचं. मास्तर म्हणे, वर्गात दिसत नाही ती गैरहजर.

"तू सांग ना रे त्यांना," हिरू म्हणाली. "मी होते म्हणून. बस, एवढंच."

वसतिगृहातली जागा जाईल म्हणून मी सांगितलं नाही. मी इंग्रजीत पास झालो, तिच्या आवाजांवर. ती पुन्हा कुठल्याच वर्गात बसली नाही. नंतर कधीही भेटली तरी हा विषय तिनं काढला नाही. मीही नाही.

परवा त्या शाळेत जाऊन आलो. खिडकी तीच आहे, खालची फरशी तीच. जुना हजेरीपट कपाटात आहे, असं कारकून म्हणाले. येत्या सोमवारी, पहिल्या तासाला, मी त्या खिडकीखाली बसणार आहे. त्या वर्गातल्यांनो, तुम्ही हे वाचता आहात, आणि तिचा "हजर" तुम्हीही ऐकला होता. या. तो पट काढायला लावा, आणि मोठ्यानं सांगा, ती होती.