चुंबळ नसलेल्या अकरा बाया

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, रविवारी सकाळी, पूर्णेत नलूताईची शोकसभा झाली. खुर्च्या साठ, माणसं तेवीस आणि दाराशी टोपल्या घेतलेल्या चार बाया. त्या चौघींबद्दलच लिहायचं आहे.

नलूताई माझी चुलतबहीण. शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्तीनंतर तिला कुठूनसा एक जुना फोटो मिळाला. रेल्वेच्या भरावावर खडी वाहणाऱ्या बाया, कुण्या गोऱ्या साहेबानं टिपलेल्या. तिनं माझ्या हातात भिंग दिलं. "तू हिशेबी ना, मोज." अकरा बाया, अकरा टोपल्या. "आता चुंबळी मोज." एकही नव्हती...

"खडीचं टोपलं चुंबळीवाचून कोण घेतंय रे डोक्यावर? काम थांबवून, रिकामी टोपली देऊन उभं केलंय त्यांना. अन् आपण इतकी वर्षं ते खरं समजून बघायलोत!"

तिनं तो फोटो कापडावर मोठा छापून घेतला आणि जुन्या लुगड्यांच्या चिंध्या वळून प्रत्येकीच्या टोपलीखाली चुंबळ शिवली. दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा म्हणाली, "चित्र कुठंही लाव. त्याच्यापुढं बाया तेवढ्या उभ्या करू देऊ नको." मी हो म्हटलं.

आणि शोकसभेला आयोजकानं ताडकळसहून रोजानं बाया आणल्या होत्या. पाहुण्यांना त्यांच्यासोबत फोटो काढायला. त्यातल्या कौसाबाईनं सवयीनं फडक्याची चुंबळ केलेली.

"मावशी, ते कापड काढा, घाण दिसतंय," फोटोवाला म्हणाला.

"तुजी टोपी लय घाण दिसायलीय. ती काढ आधी!"

त्यानं हसत स्वतःच तिच्या डोक्यावरचं फडकं ओढून काढलं. मला किळस आली. त्याची आली, तशी माझीही. त्या दाराशी उभ्या, आणि चाळीस मिनिटं मी पहिल्या रांगेत बसून भाषणांना मान डोलावत होतो.

उठलो. म्हणालो, "टोपल्या ठेवा खाली. आत येऊन बसा."

आयोजक कानाशी आला. "दादा, एक फोटो होऊ द्या. ताईंना आवडलं असतं."

मी पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या पुढं ओढल्या. तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती.

चौघी आत आल्या. समोर लावलेल्या नलूताईच्या त्या कापडी चित्राला हार घातलेला होता. कौसाबाईनं ते बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "ह्यातली कोन वारली, दादा?"

"सगळ्याच."

तिनं चपला काढल्या. मग बाकीच्या तिघींनीही. चौघी हात जोडून उभ्या राहिल्या. बाहेर फोटोवाला टोपल्या मोजून गाडीत टाकत होता.