आक्सलचं आवतण

ईट गावच्या जनावरांच्या दवाखान्यात मी रुजू झालो, त्या दिवशी माझा पहिला रुग्ण लोखंडाचा निघाला. दारात म्हशी, शेळ्या आणि त्यांचे मालक ताटकळत असताना एक उंच, वाळका माणूस रांग मोडून आत शिरला. खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. ते त्यानं तपासायच्या टेबलावर अलगद ठेवलं आणि म्हणाला, "डाक्टर, हाड मोडलंय." मी घोंगडी उलगडली. आत मनगटाएवढा जाड, तेलानं काळा झालेला दांडा होता, दोन तुकड्यांत.

"जीपचा आक्सल हाय," तो म्हणाला. "चाक फिरवणारा दांडा. जोडायला सांगत न्हाय. कशानं मोडलं तेवढं सांगा."

मी जनावरांचा डॉक्टर आहे, असं मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. "म्हणून तर तुमच्याकडं आलो. मिस्त्री म्हणतो, जुना होता म्हणून मोडला. जुनं काय आपोआप मोडतंय व्हय? तसं असतं तर मी कवाच मोडलो असतो." रांगेतलं कुणीच हसलं नाही, त्यावरून त्यांना हा प्रकार नवा नसावा. मी मान डोलावून त्या माणसाला वाटेला लावायला हवं होतं. त्याऐवजी मी वाकून तो दांडा तपासला. तुकड्यांची टोकं पिळवटलेली होती. खड्ड्यात पाय अडकलेल्या बैलानं नेट लावला की त्याचं हाड हुबेहूब असंच मोडतं. मी तसं बोलून गेलो. "चाक कुठंतरी अडकलं होतं आणि इंजिन जोर करत होतं." त्या माणसानं रांगेकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. "ऐकलं का? ह्याला म्हणत्यात शिक्षण!" त्या दिवसापासून कुठल्याही शासकीय आदेशाशिवाय मी अंकुशनानांच्या आक्सलचा सल्लागार झालो.

नाना साठी ओलांडलेले, चांगले बागायतदार. पांढऱ्या पायजम्याच्या गुडघ्यावर ग्रीसचा एक डाग कायमचा वस्तीला आलेला. इंदूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तो धुणं सोडून दिलं होतं. गावाच्या पाठीमागं बालाघाटाची धार उभी आहे आणि तिच्यावरच्या माळावर काकूंचं माहेर. काकूंच्या अंगणातून माहेरच्या चुलीचा धूर दिसतो. मात्र एसटीनं जायचं तर डोंगराला वळसा घालून, दोनदा गाडी बदलून, अर्धा दिवस मोडतो. सरळ वर जाणारी एकच वाट आहे, दगडधोंड्यांची उभी चढण. तिच्यावर शेळ्यासुद्धा विचार करून पाय टाकतात.

या चढणीनं नानांचं आयुष्य खाल्लं. ती हकिकत काकूंनीच मला चहा गाळता गाळता सांगितली. त्यांच्या लग्नाच्या पंगतीत कुणीतरी चिडवलं, की पोरगी डोळ्यांसमोर दिली खरी, पण माहेरी यायचं तर वळसा घालून येणार. नवरदेवाला राग आला. हातात जिलेबी घेऊन नाना भर पंगतीत उभे राहिले. "हिला ह्याच चढणीनं गाडीत बसवून वर आणीन. हिचा पाय जमिनीला लागू देणार न्हाय!" तेव्हा नानांकडं एक सायकल होती, तीही थोरल्या भावाची. काकूंचे बंधू संपतदादा वाढायला उभे होते. तेही तरणेच. भांडं खाली ठेवून ते म्हणाले, "दाजी, त्या दिवशी मी तुमच्या घरी जेवायला येईन. तवर तुमच्या घरचं अन्न मला वर्ज्य."

पंगत उठली, खरकटी निघाली, लोक विसरले. हे दोघं तेवढे विसरले नाहीत. संपतदादा गडी लाखमोलाचा. बहिणीच्या दोन्ही मुलांच्या लग्नात मांडव घालण्यापासून पंगती वाढण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं आणि जेवायच्या वेळी बांधाच्या पलीकडं जाऊन, फडक्यात बांधून आणलेली स्वतःच्या घरची भाकरी खाल्ली. भाऊबीजेला खरं म्हणजे भावानं बहिणीकडं यायचं. पण काकूच दरवर्षी ताट घेऊन एसटीनं वळसा घालून जायच्या. "मला त्या गाडीचं काय बी न्हाय हो डाक्टर," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ एकदा माझ्या घरात बसून जेवला पाहिजे. डोळं मिटायच्या आत. त्याचं, न्हायतर माझं." बोलता बोलता त्यांनी माझ्या चहात दोनदा साखर घातली.

मी गावात येईतोवर नानांनी एक जुनी जीप घेऊन तिला ट्रॅक्टरला शोभतील असली चाकं लावली होती. चाक मोठं म्हणजे आक्सलवर ताण मोठा, हे जवळच्या वाशीचे जब्बारमिस्त्री गळ्याच्या शिरा ताणून सांगत. नाना मोबाइलवर परदेशी गाड्या खडकांवर चढतानाचे व्हिडिओ लावून त्यांच्यापुढं धरत. "ह्येंचा बघा, मोडतोय का?" मिस्त्री म्हणत, "नाना, उनकी गाडीबी देखो ना! तुमची जीप लग्नाची वरात काढायच्या लायकीची हाय." दुसरा आक्सल चढणीच्या पायथ्याशीच गेला. तिसरा जरा वर जाऊन गेला. प्रत्येक तुकडा घोंगडीतून माझ्याकडं आला, आणि मी प्रत्येकाचं शवविच्छेदन केलं.

चौथा आक्सल निवडायला नानांनी मला भंगारवाल्याकडं नेलं. बैल पारखावा तसा हा माणूस लोखंड पारखायचा. आधी लांब उभं राहून नुसतं बघायचं. मग भोवती एक फेरी. मग टोकाच्या दात्यांवरून बोट फिरवायचं, अंगठीनं टिचकी मारून नाद ऐकायचा. "लोखंड बी जनावरच हाय डाक्टर. फकस्त चारा खात न्हाय." एका आक्सलला त्यांनी चक्क नाक लावलं आणि "हा रडका हाय" म्हणून सोडून दिला. शेवटी पसंत पडला तो एका मोडीत निघालेल्या ट्रकचा, मांडीएवढ्या जाडीचा. या ट्रकची बातमी संपतदादांनीच वरून फोन करून दिली होती. आपण हरावं, असं त्या बिचाऱ्याला मनापासून वाटत होतं. "मग वाटंतले धोंडे तरी बाजूला करा की," मी त्यांना एकदा म्हणालो. ते दुखावले. "ती बेइमानी हुईल."

मी नानांना सांगून पाहिलं, की हाड फार टणक झालं तर जोर सांध्यावर जातो आणि सांधा निखळतो. मोडायचं ते कुठंतरी मोडतंच. नानांना त्यातला हाड टणक झाल्याचा भाग तेवढा आवडला.

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात आणि त्यांना आवतण देतात. नानांनी बैलांबरोबर आक्सलचीही खांदेमळण केली, तुपाऐवजी ग्रीसनं. त्याच्यावर झूल टाकली, बाशिंग बांधलं आणि हात जोडून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं पुरणपोळी ठेवली. काकू दारातून बघत होत्या. "लोखंडाला आवतण देत्यात," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाला न्हाय." नाना मान वर न करता म्हणाले, "त्येला दिलंय की. चढणीचं." मला त्या क्षणी नानांचा राग आला होता, हे लिहून ठेवतो.

तो आक्सल जीपला बसवला गोठ्यात. बसवून झाल्यावर कळलं, की ट्रकचा आक्सल रुंद असतो आणि गोठ्याचं दार जीपच्या मापाचं आहे. नाना कपाळाला हात लावतील असं मला वाटलं. त्यांनी दार काढलं, चौकट काढली, मग भिंत काढली. बैल दोन महिने उघड्यावर राहिले आणि मला त्यांच्या खोकल्याला औषध द्यावं लागलं.

भाऊबीजेला सकाळी सगळं गाव पायथ्याशी जमलं. मागच्या बाकावर काकू, जरीचं लुगडं नेसून, मांडीवर ओवाळणीचं ताट धरून. पुढं नाना आणि त्यांच्या शेजारी मी, वैद्यकीय अधिकारी म्हणून. वर धारेवर संपतदादा झेंडूचा हार घेऊन उभे. जीप निघाली. तिसऱ्या आक्सलची जागा मागं पडली तसा गावानं खालून जल्लोष केला. नाना ओरडले, "बघा, हूं का चूं करत न्हाय!" आक्सलनं खरंच हूं की चूं केलं नाही. बरोबर निम्म्या चढणीवर खडकाच्या एका पायरीला चाक अडलं, नानांनी नेट लावला आणि आक्सल सोडून बाकी सगळ्यानं कच खाल्ली. आधी स्प्रिंगांचे पाटे सुटले, मग इंजिन बैठकीवरून सरकलं, आणि जीपचा सांगाडा चाकांवरून घसरून एका धोंड्याला टेकून बसला. आक्सल शाबूत होता. नानांनी खाली वाकून आधी तेच पाहिलं.

"काकू, उतरा," मी म्हणालो. काकूंनी ताट घट्ट धरलं. "म्या न्हाय उतरायची. माझा पाय जमिनीला लागायचा न्हाय, ह्येंनी पंगतीत सांगितलंय." मग त्यांनी वर बघून हाक मारली. त्या बारीक बाईचा एवढा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "दादा! ही गाडी माझ्या घरची हाय! खाली ये, इथंच ओवाळते!"

संपतदादा घुटमळले. मग हार गळ्यात अडकवून, बसत-उठत, धोंडे धरत खाली आले. तिरप्या जीपमध्ये काकूंनी त्यांना ओवाळलं. निरांजन तीनदा विझलं. लाडू पुढं केला तेव्हा दादा नानांकडं वळले. "अर्धी चढण आलाव दाजी. अर्धा खातो." आणि त्यांनी लाडू मोडून अर्धा खाल्ला, अर्धा ताटात परत ठेवला. नाना दिवसभर गावात सांगत फिरले, "निम्मं जिंकलं!"

जीप तिथंच राहिली. नाना आता मजबूत सांगाड्याच्या शोधात होते. "आक्सल झाला, आता बाकीची गाडी तेवढी राहिली," असं म्हणायचे. पुढच्या उन्हाळ्यात, आंब्याची अढी लावून झाल्यावर, दुपारी ते आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मी धावत गेलो. काकूंनी माझा हात धरून विचारलं, "डाक्टर, कशानं गेलं हो? तेवढं सांगा." मी जनावरांचा डॉक्टर. मला सांगता आलं नाही.

संपतदादा वळसा घालून आले नाहीत. ते चढणीनं उतरले, जीपच्या बाजूनं, बोडक्या डोक्यानं. सरण पेटल्यावर आम्ही घरी आलो. त्या दिवशी मयताच्या घरी चूल पेटत नाही. सोयरे आपल्या घरून भाकरी आणतात आणि घरच्यांना कडू घास भरवतात. दादांच्या घरून पिठलं-भाकरी आली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच ते जेवणाच्या वेळी उंबरा ओलांडून आत आले, बहिणीच्या शेजारी बसले, तिला घास भरवला. ती म्हणाली, "तू बी खा." त्यांनी भाकरी मोडली. "खातो. पण ही माझ्या घरची हाय," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "दाजी वर आलं न्हाईत. बोलणं म्हंजे बोलणं."

काकू रडता रडता हसल्या. दादांनी एक घास खाल्ला, दुसरा हातात तसाच धरून ठेवला.

"इंदे," ते म्हणाले, "मीठ कमी पडलंय. तुझ्या घरातलं जरा दे."

काकू उठल्या, आत गेल्या आणि चिमूट आणून त्यांच्या ताटात वाढली. दादांनी ते मीठ पिठल्यात कालवलं आणि ताट पुसून जेवले. मी शेजारीच बसून तेच पिठलं खात होतो. ते मुळातच खारट झालं होतं.