पंपवाल्यांची रजा

नळाला पाणी आले की पंपवाल्यांची कोणाला आठवण होत नसे. पाणी गेले की मात्र साऱ्या वसाहतीला त्यांचा दूरध्वनी क्रमांक तोंडपाठ असे. माणसाने आयुष्यभर एकच काम चोख केले तर बक्षीस म्हणून तो अदृश्य होतो, आणि एकदाच चुकला तर सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो, असा आपल्या समाजाचा शिरस्ता आहे. पंपवाल्यांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. केली असती तरी ऐकणार कोण? ज्या इमारतीत ते काम करीत, तिथे माणसाला स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नसे.

ती इमारत लांबट, एकमजली, आणि तिच्या खिडक्यांच्या काचा सतत थरथरणाऱ्या. आत तीन पंप एका रांगेत, त्यांच्यासमोर दाबाचे तीन काटे, आणि त्या काट्यांसमोर एक लाकडी खुर्ची. खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्याखाली जुन्या व्हॉल्व्हची रबरी चकती सरकवलेली होती. पंपवाल्यांचे केस त्या खुर्चीत पांढरे झाले. पंप बिघडणार असेल तर ते कानांआधी तळपायांना कळते, असे ते म्हणत, आणि घरी आल्यावर जमीन हलत नाही म्हणून सुरुवातीची काही वर्षे त्यांना झोप लागत नसे.

या इमारतीत एक पद्धत होती. ती कोणत्याही नियमावलीत नव्हती. पूर्वी कधीतरी एक जण, बदली माणूस दारात दिसताच, उठून चालता झाला. दारातला माणूस तिथूनच परत फिरला, कारण त्याच्या घरून निरोप आला होता. खुर्ची रिकामी राहिली आणि मोटर जळाली. तेव्हापासून जाणाऱ्याने म्हणायचे, "दिलं." येणाऱ्याने तिन्ही काटे पाहायचे, तापलेत का ते कळायला पंपांच्या बेअरिंगवर एकेकदा हात ठेवायचा, आणि मगच म्हणायचे, "घेतलं." तो शब्द कानावर पडल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. पंपवाले आणि त्यांचा जोडीदार हे दोन शब्द वर्षानुवर्षे एकमेकांना देत-घेत आले. जोडीदार निवृत्त झाला. त्याची जागा भरली गेली नाही. कचेरीने तिला 'रिक्त' म्हटले, पुढे 'अनावश्यक' म्हटले, आणि शेवटी तिचा उल्लेखच थांबवला. त्याच्या वाटची खुर्ची ठेकेदाराने पाठवलेली माणसे अधूनमधून उबवीत.

पंपवाल्यांची एकुलती एक लेक मध्य आशियातल्या एका डोंगराळ शहरात वैद्यकीचे शिक्षण घेत होती. ते शहर बर्फाच्या शिखरांना पाठ टेकून बसलेले. कोणत्याही रस्त्यावर उभे राहा, चढ ज्या दिशेला असेल तिकडे डोंगर. त्यामुळे तिथे माणूस वाट चुकत नाही, असे लेक सांगे. पण पंपवाल्यांच्या मनात घर करून राहिली होती ती तिची दुसरीच एक गोष्ट.

"बाबा, इथे रस्त्याच्या कडेने पाण्याचे पाट आहेत. डोंगरातलं पाणी आपलं आपण वाहत येतं. झाडांना मिळतं आणि पुढे जातं."

"पंप कुठे बसवलाय?"

"पंपच नाही."

"मग पाळीला कोण असतं?"

"कोणीच नाही, बाबा! उतार आहे ना."

कोणी न बसता पाणी चालते, ही बातमी पंपवाल्यांना इतर कोणत्याही देशाच्या वैभवापेक्षा मोठी वाटली.

आणि आता तिचा पदवीदान समारंभ आला होता. तिच्या महाविद्यालयात असे करीत की नवा डॉक्टर व्यासपीठावर जाई आणि त्याच्या घरचे माणूस त्याला पांढरा कोट घाली. लेकीने आईला आधीच गप्प करून टाकले होते. "आई, तू पहिल्या रांगेत बस. कोट बाबा घालणार. शाळेचं बक्षीस मिळालं तेव्हा बाबा पंपावर. बारावीचा निकाल लागला तेव्हा पंपावर. मी इकडे यायला निघाले तेव्हाही पंपावर. या वेळी तरी."

"या वेळी येतो," पंपवाले म्हणाले. ते शब्द देताना जपत. दिला की पाळीत.

मग बेत सुरू झाला. छोटीशीच सहल: समारंभ, दुसऱ्या दिवशी तारेच्या पाळण्यातून टेकडीवर, नंतर डोंगरातले ते सरोवर, ज्याचा रंग म्हणे उन्हाप्रमाणे बदलतो, आणि परत. लेकीने सारे आखून ठेवले होते. पण आपल्याकडे कोणाचाही बेत त्याच्या एकट्याचा राहू शकत नाही. पंपवाल्यांचा मेहुणा एकदा परदेशी जाऊन आला होता, आणि तेव्हापासून जगातील सर्व देशांविषयी त्याचे मत तयार असे. पंपवाले मनातल्या मनात त्याला सर्वज्ञ म्हणत.

"भाऊजी, तिथली थंडी म्हणजे काय समजलात? कान गळून पडतात."

"तुम्ही पाहिलेत पडलेले?"

"थट्टा नको. मोजे दुहेरी घाला. आणि विमानतळावर कोणी काही विचारलं तर हसू नका. हसणाऱ्या माणसाचा त्यांना संशय येतो."

"दादा, यांना हसताना मी लग्नानंतर पाहिलेलं नाही," बायको आतून म्हणाली. "त्या बाबतीत निर्धास्त राहा."

कोट घालण्याचा सराव मात्र त्यांनी कोणाच्या सल्ल्यावाचून सुरू केला. बायको ओट्याशी उभी असली की हे मागून तिचा स्वेटर धरून येत. पहिल्या खेपेला तिचा हात बाहीत अडकला आणि दुधाचे पातेले कलंडले.

"अहो! हात मागून येतो, वरून नाही. खांदे खाली धरा. व्हॉल्व्ह उघडताय का?"

"तिची उंची किती वाढलीय कोणास ठाऊक."

"पोटाकडे बघून बोला. तुमचंच वाढलंय. तिचं वाढायचं वय गेलं."

राहिली रजा. साहेबांची खोली थंडगार होती आणि तिच्यात पंपांचा आवाज पोचत नसे. कदाचित म्हणूनच तिथे निर्णय इतके सहज होत.

"तुमच्या जागी कोण?" साहेबांनी विचारले.

"ते आपण ठरवायचं, साहेब."

"मी कसं ठरवू? दुसरी जागाच मंजूर नाही."

"ती आपणच रद्द केलीत."

"म्हणूनच तर मंजूर नाही." या तर्कावर साहेब स्वतःच खूश झाले असावेत, कारण पुढे त्यांचा आवाज मऊ झाला. "हे बघा, मुलीचं कार्य आहे, मी नाही म्हणणार नाही. ठेकेदाराचा माणूस देतो. पण प्रवासाच्या दिवशी सकाळची पाळी करून जा. विमान संध्याकाळी आहे ना? मग?"

पंपवाल्यांनी मान डोलावली आणि रजेच्या अर्जावर सही केली. वाकलेल्या माणसावर आणखी थोडे लादता येते, हे साहेबांना शाळेत नव्हे, नोकरीत शिकवले गेले होते.

त्या दिवशी पंपवाले नवे बूट घालून पाळीवर गेले. दुपारी बायको सामानासकट टॅक्सी घेऊन थेट पंपाच्या दारात आली. बदली माणूसही आला: पंपवाल्यांहून बराच लहान, जाडजूड, डोळे तांबारलेला. आधी तो एका दुकानाच्या दारावर पहारा करीत असे. पंपांशी त्याची ओळख कालपरवाचीच. त्याची नजर पहिल्यांदा गेली ती मधल्या पंपाच्या फिरत्या दांड्यापाशी थेंबथेंब झिरपणाऱ्या पाण्याकडे.

"काका, हे गळतंय की! आवळून टाकू का?" पान्हा त्याच्या हातात होताच.

"नको!" पंपवाले जवळजवळ ओरडले. "ते गळायलाच हवं. त्या थेंबांनीच दांडा गार राहतो. आवळलंत तर जळेल. हात लावू नका."

"बरं. नाही लावत."

"दिलं," पंपवाले म्हणाले आणि थांबले.

"काय दिलंत?"

पंपवाल्यांनी पद्धत समजावली. बाहेर टॅक्सीवाला भोंगा वाजवू लागला. बदली माणूस एव्हाना खुर्चीत बसून मोबाइल पाहत होता. "घेतलं, काका, घेतलं. सगळं घेतलं. निघा आता. विमान काय तुमच्या ओळखीचं आहे, थांबायला?"

शब्द तर कानावर पडला. पण त्या माणसाने काट्यांकडे पाहिले नव्हते, आणि बेअरिंगवर हात ठेवला नव्हता.

टॅक्सी गावाबाहेर पडली. नव्या बुटांतले पंपवाल्यांचे तळपाय अस्वस्थ होते. मग त्यांनी पंपावर फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"उचलत नाही," ते म्हणाले.

"त्या आवाजात ऐकू येत नसेल. तुम्हीच सांगता ना, तिथली घंटा ऐकायला कान तयार व्हावा लागतो."

"त्याच्या हातात पान्हा होता."

"असू दे की!"

"त्याने आवळलं असेल तर पंप जाईल. एक गेला की दुसऱ्यावर भार. दवाखान्याची टाकीही आपल्यावरच आहे."

"अहो, साहेबांना कळवा."

साहेबांना फोन केला. साहेब बैठकीत होते. साहेब नेहमी बैठकीत असत. तशी माणसे उठून उभी राहिली तर त्यांच्यावर जबाबदारी येण्याचा धोका असतो.

बायकोने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. रागावण्यात आता काही अर्थ नाही, हे तिला इतक्या वर्षांत कळून चुकले होते. हा माणूस टॅक्सीत बसला होता खरा, पण त्याला उचलून विमानात ठेवले असते तरी तो पंपावरच राहिला असता.

"गाडी थांबवा हो," ती चालकाला म्हणाली. मग नवऱ्याला, "जा. बघून या. वेळ आहे अजून. मी सामान घेऊन पुढे होते. पण दारातूनच बघायचं आणि उलट पावली फिरायचं. बसायचं नाही. ऐकलंत?"

"ऐकलं. दारातूनच बघतो."

दुसरी टॅक्सी मिळायला वेळ गेला, परतीच्या रस्त्यावर गर्दी होती. पंपवाले इमारतीत शिरले तेव्हा नवा बूट चावून त्यांचा पाय सुजला होता. तिन्ही पंप चालू होते. तिन्ही काटे आपापल्या जागी होते. मधल्या पंपाचे थेंब त्याच बेताने पडत होते, आणि पान्हा खिळ्याला टांगलेला होता.

"आवळलं नाहीत ना?"

"तुम्हीच नको म्हणालात ना, काका?" बदली माणूस गोंधळून म्हणाला. "विमान चुकलं का?"

"फोन का उचलला नाहीत?"

"वाजला होता?"

सगळे ठीक होते. बिघाड असता तर निदान काही तरी हाती लागले असते. जगाला दाखवायला एक जळलेला दांडा असता. पंपवाल्यांनी थेंबांकडे पाहिले आणि त्यांना त्या थेंबांचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

खिशातला फोन वाजला. "कुठे आहात?" बायको.

"पंपावर. सगळं ठीक आहे."

"मग निघा की!"

"निघतोच."

ते वळले, तोच बदली माणूस वाटेत आला. "काका, दोन मिनिटं. कोपऱ्यावरून काही पोटात टाकून येतो. कालपासून ठेकेदाराने दुसऱ्या पंपावर उभं केलं होतं, तिथून सरळ इथे पाठवलं. पुढची पाळीही माझीच आहे. अन्न नाही पोटात. तुम्ही आलाच आहात, तर..."

पंपवाल्यांनी त्याच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे पाहिले. यालाही कोणी 'घेतलं' म्हणणारे नव्हते.

"मला उशीर होतोय हो."

"हा गेलो आणि हा आलो. तुमची ती पद्धत काय? हां. दिलं, काका."

पंपवाल्यांची नजर तिन्ही काट्यांवरून फिरली. हात पहिल्या बेअरिंगवर गेला, दुसऱ्यावर गेला, तिसऱ्यावर गेला. यातले त्यांनी काहीही ठरवून केले नाही. तोंडातून शब्द पडला तो त्यांनी दुसऱ्या कोणाचा असावा तसा ऐकला.

"घेतलं."

बदली माणूस दिसेनासा झाला. आधी पंपवाले उभे राहिले. सुजलेला पाय जड झाला तेव्हा खुर्चीत बसले. दाराकडे पाहत राहिले. दोन मिनिटे केव्हाच सरली. उपाशी माणसाला जेवायला किती वेळ लागतो, याचा त्यांना अंदाज होता. त्याला शिव्या देण्याची त्यांची इच्छा होत नव्हती, आणि ज्यांना द्यायला हव्या होत्या ते बैठकीत होते. तसेच उठून जाता आले असते. पंप चालूच होते. पण दारात कोणी दिसत नव्हते, आणि खुर्ची रिकामी टाकायला त्यांचे पाय शिकलेच नव्हते.

पुन्हा फोन वाजला. मागे विमानतळावरची सूचना ऐकू येत होती.

"अहो, विमानात सोडताहेत सगळ्यांना. बसलात ना तिथे?"

"तो जेवायला गेलाय. आलेला नाही अजून."

"मी काय करू? थांबू?"

"नको. जा तू. ती एकटी पडेल. कोट तू घाल. आणि हे बघ, तिचा हात मागून येईल. वरून नाही. खांदे खाली धर."

पलीकडून ती काही म्हणाली. पंपांच्या आवाजात ते त्यांना ऐकू आले नाही.