पाच स्पीकर, एक सबवूफर आणि बाबा

बाबांनी टीव्ही बघणं सोडलं, त्याचं कारण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. "हे लोक तोंडातल्या तोंडात बोलतत," असं म्हणून ते सोफ्यावरून उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. करी रोडची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यात आम्हाला बाविसाव्या मजल्यावर घर मिळालंय. गॅलरी एका खुर्चीने भरते. बाबा तिथे रोज सात ते साडेनऊ बसू लागले. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे मी ऑफिसातून येऊन टीव्हीसमोर एकटी बसायची आणि काचेतून मला त्यांची पाठ दिसायची. दोन वर्षं मी ती पाठ बघितली. मग ठरवलं की टीव्हीचा आवाज सुधारायचा आणि बाबांना सोफ्यावर परत आणायचं.

मी एका विमा कंपनीत दावे तपासते. कुणी काही सांगितलं की आधी कागद मागायचा, हा पंचवीस वर्षांचा शिरस्ता. बाबांचं म्हणणं मात्र मी जसंच्या तसं मान्य केलं. दोष टीव्हीचा, असं धरून चालले.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने मला पाच स्पीकर, एक सबवूफर आणि हे सगळं चालवणारं एक यंत्र दिलं, शिवाय पाऊण तासाचं व्याख्यान फुकट. व्याख्यानाचं सार असं की छोट्या स्पीकरला जाड आवाज झेपत नाही. म्हणून सेकंदाला किती कंपनं, याच्या एका ठरावीक आकड्याच्या खालचे सगळे आवाज त्याच्याकडून काढून घ्यायचे आणि सबवूफर नावाच्या खोक्याकडे सोपवायचे. त्या आकड्याला क्रॉसओव्हर म्हणतात आणि तो साधारण ऐंशी असतो. ऐंशीच का, असं मी ऑफिसातल्या दोघांना विचारलं. दोघंही अजून बोलतायत.

यंत्र प्रत्येक स्पीकरबद्दल विचारतं, मोठा की छोटा? दुकानदाराने बजावलं होतं, "मॅडम, कितीही मोठा दिसू दे, छोटाच लिहा." पण पुढचे दोन स्पीकर माझ्या कमरेपर्यंत येत होते आणि त्यांचे पैसे मी मोजले होते. त्यांना छोटा म्हणायला जीभ रेटेना. मी मोठा लिहिलं. त्यामुळे जाड आवाज त्यांच्याकडेच राहिले आणि सबवूफर दोन आठवडे जवळपास बेकार बसून होता. त्या दोन आठवड्यांत मी ऑफिसात त्याच्या आवाजाची तोंड भरून तारीफ केली. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आवाज बरो आसा." आणि गॅलरीत गेले.

चूक लक्षात आल्यावर मी सगळ्यांना छोटं केलं आणि रीतसर मोजणी करायची ठरवली. यंत्राबरोबर एक माइक येतो. तो ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग यंत्र एकेका स्पीकरमधून एक आवाज सोडतं. तो जाड सुरू होतो आणि चढत चढत इतका बारीक होतो की शेवटी दात शिवशिवतात. माइक तो ऐकतो आणि कुणाला किती काम द्यायचं ते यंत्र ठरवतं. तेवढा वेळ घरात चिडीचूप हवं.

मी बाबांना सोफ्यावर बसवून त्यांच्या कानाची उंची टेपने मोजली. शिंप्याकडे माप देताना राहावं तसे ते ताठ राहिले. मग त्यांना डायनिंगच्या खुर्चीवर हलवलं आणि सोफ्यावर त्यांच्या जागी, त्यांच्या कानाच्या उंचीवर माइक उभा केला. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद. रविवारची दुपार, एप्रिल महिना. "आवाज संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही," असं मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

आवाज सुरू झाला, चढायला लागला आणि अर्ध्यात बाबा म्हणाले, "झाला काय?"

खोलीत गोंगाट आहे, पुन्हा सुरू करा, असं पडद्यावर आलं. मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा अर्ध्यात, "झाला?" तिसऱ्या वेळी "चाय ठेवू?" माझं डोकं फिरलं. "एवढं साधं सांगितलेलं समजत नाही का तुम्हाला?" मी ओरडले. बाबा गोंधळून म्हणाले, "आवाज संपलो मा?"

चौथ्या वेळी मी ओठांवर बोट ठेवून थेट त्यांच्याकडे बघत उभी राहिले. आवाज चढू लागला. राष्ट्रगीताला उभं राहावं तसे बाबा ताठ बसले होते. मग मध्येच त्यांचे खांदे सैल झाले, त्यांनी श्वास सोडला आणि परवानगी मागितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानात तो आवाज अजून चढतच होता.

मी मोजणी थांबवली. फोनवर तसाच चढता आवाज शोधून तो या स्पीकरांवर लावला, त्यात फोनच्या पडद्यावर आकडाही पळताना दिसतो. बाबांना म्हटलं, ऐकू येतंय तोवर हात वर ठेवा. ऐंशीला हात वर होता. पाचशेला वर. बाराशेला जरा हलला. पंधराशेला खाली आला. आवाज पुढे वीस हजारांपर्यंत जायचा होता, तो एकटाच गेला. मी पुन्हा लावलं. हात पुन्हा तिथेच खाली आला. माझ्या नोकरीत इतकी एकसारखी साक्ष मी क्वचित पाहिलीय.

"कधीपासून?" मी विचारलं. मग त्यांच्यासमोर जाऊन पुन्हा विचारलं.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे अख्खा दिवस शेकडो मागांच्या खडखडाटात. ते विचार करून म्हणाले, "साच्यांवर कोणाकच ऐकाक येय नाय. हातान बोलाचा. मगे गिरणी बंद पडली. माका वाटला, गिरणी बंद म्हणान जग गप झाला."

आमच्या चाळीत कुणी हळू बोलतच नसे. सगळी घरं गिरणीवाल्यांची, त्यामुळे मीठ मागायचं तरी भांडल्यासारखं. त्या आरड्याओरड्यात एक माणूस बहिरा होत गेला आणि कुणाला पत्ता लागला नाही. टॉवरमध्ये आल्यावर आम्ही दारं लावून घेतली, आवाज खाली आणले, सुधारलो. नंतर कानाच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की बोलणं ज्याने स्पष्ट होतं तो भाग बहुतेक त्या पंधराशेच्या पलीकडे असतो, अलीकडे नुसती गुणगुण उरते. त्या दुपारी मला एवढं माहीत नव्हतं. पण बाबा दुर्लक्ष करतात म्हणून मी किती वर्षं त्यांच्यावर चिडत आले, ते आठवून मला लाज वाटली. त्यांच्याकडे बघवेना.

बाबांना मात्र दुसरंच काही सुचलं होतं. आईला जाऊन चार वर्षं झाली. शेवटचा महिना ती पलंगावरच होती, आवाज अगदी बारीक झाला होता. बाबा तिच्या उशाशी बसायचे आणि ती काही बोलली की "होय, होय" म्हणायचे.

"तू थंयच होतंस मा?" त्यांनी विचारलं. "ती काय सांगत होती?"

मी तिथेच होते. ती म्हणायची, खिडकी लावा, वारा लागतो. बाबा होय म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत. मग ती तोंड फिरवून घ्यायची आणि मी उठून खिडकी लावायची. एकदा ती मला म्हणाली होती, आता ह्यांना माझं काही ऐकायचंच नाही.

"खिडकी लावा म्हणायची," मी सांगितलं.

"मी लावलंय?"

"मी लावायचे."

"माझ्यावर रागावली नाय मा?"

"नाही," मी म्हणाले. त्यांनी कान पुढे केला. मग मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि होता नव्हता तेवढा जाड आवाज काढून पुन्हा सांगितलं, "नाही रागावली."