सोबत असणं

थंडीत तीन महिने मी नॉर्वेला लेकीकडे राहिले होते. ती कामावर गेली की मी वाचनालयातल्या नॉर्वेजियनच्या वर्गाला जायची. एकदा इंग्रजीतलं साधंच वाक्य उतरवायचं होतं: मी दुपार लेकीबरोबर घालवली. मी शब्दकोशात पाहून ‘वापरली’ अशा अर्थाचं क्रियापद लिहिलं. आमच्या शिक्षिका, सत्तरीच्या इन्ग्रिडबाई, हसल्या.

“वेळ कामासाठी वापरतात. माणसांबरोबर आम्ही नुसते सोबत असतो. तसंच लिहा. तुमच्या भाषेत काय म्हणता?”

‘घालवली’चा अर्थ सांगताना माझं मलाच कसंसं झालं. बसमध्ये विसरलेली छत्रीसुद्धा आपण घालवतोच की! इतकी वर्षं हा शब्द तोंडात होता, पण तो कधी असा टोचला नव्हता.

संध्याकाळी लेक घरी आली आणि कोट न काढताच म्हणाली, “आई, तू एवढ्या लांबून आलीस आणि मला तुला वेळच देता येत नाही गं.”

“नको देऊस. बस इथे.”

ती कोटासकट बसली आणि माझ्यापुढचं संत्रं सोलायला लागली. आम्ही दोघींनी ते न बोलता संपवलं, आणि मला मात्र पोटभर गप्पा झाल्यासारखं वाटलं.